साने गुरुजी : मुलांना वाचते-लिहिते करणारा शिक्षक



खामगाव हे वऱ्हाडातील कापसाच्या जुन्या बाजारपेठांपैकी एक गाव. भुसावळ-नागपूर या मुख्य लोहमार्गावरील जलंब स्थानकातून खामगावला एक छोटा फाटा जातो. कापसासाठी घातलेला हा फाटा आजही गावाच्या ओळखीचा भाग आहे. याच मार्गाने जलंबहून उलट दिशेला निघाले, भुसावळ आणि जळगाव मागे टाकले आणि सुरतेच्या फाट्यावर वळले की अमळनेर येते. अमळनेरही कापसाचेच गाव. तेथे श्रीमंत प्रताप शेठ यांनी कापडगिरणी काढली आणि गिरणीतून मिळालेल्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर व शाळा यांना आश्रय दिला. अशा गावांमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत एक नवे दृश्य दिसू लागले. आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले इंग्रजी शाळेसाठी घर सोडून येऊ लागली व वसतिगृहात राहू लागली. अनेकांच्या घरातील शाळेत जाणारी ती पहिलीच पिढी होती. घरी पोथी असे, क्वचित पंचांग असे; पण मुलाने केवळ आनंदासाठी उघडावे असे पुस्तक सहसा नसे.

या मुलांना वाचनाची गोडी कशी लागावी, हा प्रश्न एका तरुण शिक्षकाने अमळनेरच्या वसतिगृहात स्वतःपुढे ठेवला. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो. स्वातंत्र्यसैनिक, मंदिरप्रवेशासाठी उपोषण करणारे सत्याग्रही, 'श्यामची आई'चे लेखक अशा त्यांच्या अनेक ओळखी आपणांस ठाऊक आहेत. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्याकडे मुख्यतः एका बाजूने पाहणार आहोत : मुलांना आणि किशोरांना वाचते व लिहिते करणारा माणूस म्हणून. आपल्यापैकी बरेच जण स्वतः पालक आहेत, काही जण शाळेत वा अंगणवाडीत काम करतात. म्हणून हा विषय परीक्षेपुरता राहण्याचे कारण नाही.

पालगड ते अमळनेर

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले, आणि वडील सदाशिवराव यांच्या काळात तर घर कर्जात बुडालेले. आई यशोदाबाई. या आईचे चित्र पुढे सबंध मराठी समाजाच्या मनात कोरले गेले. पालगडची प्राथमिक शाळा, दापोलीची मिशन शाळा, मग गरिबीमुळे औंध संस्थानात शिकायला जाणे, तेथे हाताने स्वयंपाक करून राहणे, प्लेगमुळे तेही सुटणे आणि अखेर पुण्याचे नूतन मराठी विद्यालय असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला. १९१७ साली, ते पुण्यात शिकत असतानाच, आईचे निधन झाले. पुढच्या वर्षी ते मॅट्रिक झाले. नंतरचे महाविद्यालयीन शिक्षणही पुण्यातच झाले.

या चरित्रक्रमातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पुस्तकांची भूक असणे आणि पुस्तक न मिळणे हा अनुभव त्यांनी बालपणी घेतला होता. 'श्यामची आई'मध्ये एक प्रकरण आहे. वाचून मोठे होता येते असे श्यामच्या मनाने घेतले आहे, पण पुस्तकांसाठी पैसा नाही. आणि तो घरी आलेल्या पाहुण्याच्या पैशांना हात लावतो. हे प्रकरण बहुधा प्रामाणिकपणाचा धडा म्हणून शिकवले जाते. त्यात दुसरेही एक दुःख आहे, ते असे की एका चांगल्या मुलाला पुस्तकासाठी चोर व्हावे लागले. लेखक श्यामला माफ करत नाही, परंतु त्याच्या भुकेची टिंगलही करत नाही. अमळनेरच्या वसतिगृहातील मुलांकडे गुरुजींनी ज्या नजरेने पाहिले, तिचे मूळ येथे सापडते असे म्हणता येईल.

अमळनेरला ते प्रथम तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासक म्हणून आले. तत्त्वचर्चेत त्यांचे मन रमले नाही. जून १९२४ मध्ये ते तेथील शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. लवकरच वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. शाळेतील सहा वर्षे हा त्यांच्या आयुष्यातील लहानसाच कालखंड, पण गुरुजी ही पदवी त्यांना याच वर्षांनी दिली.

वसतिगृहातील हस्तलिखित

वसतिगृहाचा प्रमुख म्हणजे शिस्तीचा हवालदार, ही त्या काळची सर्वसाधारण कल्पना होती. गुरुजींनी ती बाजूला ठेवली. मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही कामे ते न बोलता करीत. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबत नाही. आपल्याला पाहायचे आहे ते 'छात्रालय दैनिक'.

हे दैनिक छापील नव्हते. गुरुजी ते हाताने लिहीत आणि मुलांना वाचण्यासाठी लावून ठेवीत. त्यात देशातील घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, गोष्टी असत, विचार असत आणि वसतिगृहातील रोजच्या जगण्याचे पडसादही असत. शिकवणे, तपासणे, मुलांची देखभाल हे सारे आटोपून उरलेल्या वेळात रोज नवा मजकूर लिहायचा, याला किती चिकाटी लागत असेल याची कल्पना वर्गावर शिकवणाऱ्या कोणालाही करता येईल.

या उपक्रमाचे मर्म कशात होते? पाठ्यपुस्तक हे कोणी दूरच्या माणसाने सर्व मुलांसाठी लिहिलेले असते. दैनिक हे रोज दिसणाऱ्या माणसाने, याच मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले होते. ते ताजे होते. आज वाचले नाही तर उद्या त्याची जागा दुसरे घेणार होते. त्याच्यावर परीक्षा नव्हती, गुण नव्हते. आणि ज्याने ते लिहिले त्याला सायंकाळी गाठून विचारता येत होते. छापील अक्षराविषयी खेड्यातून आलेल्या मुलाला जो दबदबा वाटतो, तो हस्तलिखिताने आपोआप कमी होतो. लिहिणे हे आपल्यासारख्या माणसाचे काम आहे, शाई आणि कागद असला की ते करता येते, हे त्या मुलांना कोणी व्याख्यानातून सांगितले नाही. त्यांनी ते रोज भिंतीवर पाहिले.

आज अनेक शाळांत भित्तिपत्रक असते. पुष्कळदा ते वर्षातून दोनदा, पाहुणे येणार म्हणून लागते आणि रंग उडेपर्यंत तसेच राहते. गुरुजींच्या दैनिकाचे बळ त्याच्या दैनिक असण्यात होते, हे ध्यानात घ्यावे.

१९२८ मध्ये गुरुजींनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक सुरू केले. आता वाचक वसतिगृहापुरते राहिले नाहीत. मराठीत मुलांसाठी नियतकालिके नवी नव्हती. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' १८८१ पासून आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ पासून निघत होते. त्याहीपूर्वी, १८२८ मध्ये, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'बाळमित्र' लिहून मराठी बालवाङ्मयाचा आरंभ केला होता. या परंपरेत 'विद्यार्थी'चे वेगळेपण असे की त्याचा वाचक बालक नसून किशोर होता. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा परीच्या गोष्टींतून बाहेर पडलेला असतो आणि मोठ्यांच्या ग्रंथांत अजून शिरलेला नसतो. या मधल्या वयाला मराठीत फारसे कोणी विचारत नव्हते. गुरुजींनी त्याला विचारले, आणि खेळणे देऊन नव्हे तर देश, समाज, त्याग, सौंदर्य असे मोठे विषय देऊन.

शाळा सोडली तेव्हा

१९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि एप्रिलच्या अखेरीस गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला. चरित्रकार हा प्रसंग बहुधा एका वाक्यात आटोपतात : देशाने हाक दिली आणि ते निघाले. आपण जरा थांबू या. ज्या मुलांना घरासारखे वसतिगृह मिळाले होते, ज्यांना रोज सकाळी काही नवे वाचायला मिळत होते, त्यांच्या बाजूने पाहिले तर हा वियोग लहान नव्हता. गुरुजींसारख्या हळव्या माणसाला त्याची जाणीव नव्हती असे मानणे कठीण आहे. ज्या मुलांना त्यांनी त्याग आणि देश हे शब्द वाचायला शिकवले, त्यांच्यापुढे स्वतः शाळेच्या सुरक्षित भिंतींआड राहणे त्यांना शक्य नव्हते, हेही तितकेच खरे. काही प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर कोणत्याही बाजूने दिले तरी काही गमवावे लागते. हा त्यांपैकी एक होता.

मात्र शाळा सुटली तरी शिकवणे सुटले नाही. पुढील वर्षांत त्यांनी धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांत दिवस काढले आणि त्यांचे बरेचसे लेखन तेथेच झाले. त्रिचनापल्लीला दक्षिणेकडील सत्याग्रही भेटले. एकाच देशातील माणसे एकमेकांची भाषा जाणत नाहीत, हे शल्य त्यांना तेथे बोचले. त्यांनी तमिळ शिकायला घेतली आणि पुढे 'कुरल' मराठीत आणले. आंतरभारतीची कल्पना, म्हणजे भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे हा ध्यास, त्या अनुभवातून वाढत गेला.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा अध्यायांवर प्रवचने झाली. ती गुरुजींनी टिपून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आहे. येथे लेखनाच्या अभ्यासकाने एक बाब हेरावी. बोलणाऱ्याचा वेग सांभाळत, त्याच्या वाक्यांचा श्वास न तोडता कागदावर उतरवणे ही लेखनाची मोठी तालीम आहे. पुढे वर्षही उलटले नाही तोच गुरुजींनी जे पुस्तक लिहिले, त्याची सबंध रचना बोलण्याची आहे. हा निव्वळ योगायोग असेलही. पण कान आणि लेखणी यांचे नाते त्या महिन्यांत घट्ट झाले असावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'श्यामची आई' : सांगितलेले पुस्तक

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री गुरुजींनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत तिचा मोठा भाग लिहून पुरा केला. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रकरणांना येथे रात्री म्हटले आहे : रात्र पहिली, रात्र दुसरी. आश्रमातील मित्र जेवणखाण आटोपून जमतात आणि श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. ऐकणारे अधूनमधून बोलतात, कोणी उशिरा येतो, कोणी उद्याची वाट पाहतो.

या रचनेचा मुलांच्या वाचनाशी जवळचा संबंध आहे. वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला पुस्तकाची जाडी भिवविते. रात्र संपली की थांबता येते; उद्या पुन्हा बसता येते. प्रत्येक रात्र आपल्यापुरती पूर्ण असते. शिवाय वाक्ये लहान आहेत, क्रियापदे नेहमीची आहेत, एखादी भावना दोनदा-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत येते. प्रौढ वाचकाला ही पुनरुक्ती वाटते. मोठ्याने वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ती विसावा वाटते. विषय पाहा : पत्रावळ लावता न येणे, पोहायला जाण्याची भीती, पायाला घाण लागू नये म्हणून केलेला हट्ट, फुलायच्या आधी खुडलेल्या कळ्या. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात याहून मोठे काय असते? लेखकाने मुलाच्या लहान गोष्टी मोठ्या मानल्या, त्यामुळे मुलांनी त्याचे मोठे विचार ऐकून घेतले.

आपणास येथे एक काम सुचवावेसे वाटते. घरातील किंवा शेजारच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला या पुस्तकातील कोणतीही एक रात्र मोठ्याने वाचून दाखवा. मूल कोठे मध्येच प्रश्न विचारते, कोठे चुळबुळ करते, कोठे गप्प होते, याची टिपणे ठेवा. मग तेच प्रकरण आपण एकट्याने मनात वाचा. दोन्ही वाचनांत आपणांस वेगळे काय आढळले ते अर्ध्या पानात लिहा. खोतकी, मधुकरी असे शब्द आज मुलांना अडतात. ते आधीच समजावून न देता मुलाने विचारल्यावरच सांगितले तर वाचन अधिक रंगते, असा अनेकांचा अनुभव आहे.

या पुस्तकावर आणि एकूणच गुरुजींच्या लेखनावर एक आक्षेप सतत घेतला जातो : भावविवशता. पात्रे फार रडतात, लेखकही रडतो. हा आक्षेप खोटा नाही. कलात्मक अंतर, संयम, सूचकता या कसोट्यांवर त्यांच्या अनेक कथा-कादंबऱ्या उतरत नाहीत. परंतु आक्षेप घेताना वाचक कोण हे विसरू नये. मुलग्याने रडू नये असे ज्या समाजात बजावले जाते, तेथे चौदा वर्षांच्या मुलाला रडण्याची मोकळीक देणारे पुस्तक काय देते, याचा विचार समीक्षेने फारसा केलेला नाही. उलटपक्षी, गुरुजींच्या जगात आई बहुतेक वेळा त्याग करणारीच असते, हेही आजच्या वाचकाने, विशेषतः विद्यार्थिनींनी, तपासून पाहावे. आदर वाटणे आणि प्रश्न पडणे यांत विरोध नाही.

१९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला. १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले.

जगाच्या गोष्टी मराठीत

गुरुजींच्या लेखनाचा एक भाग आज काहीसा दुर्लक्षित आहे. 'गोड गोष्टी' या मालेत त्यांनी जगातील थोर कथा किशोरांसाठी मराठीत आणल्या. व्हिक्टर ह्युगोची 'ले मिझेराब्ल' ही प्रचंड कादंबरी 'दुःखी' या नावाने आली. जॉर्ज एलियटच्या 'सायलस मार्नर'वरून 'मनूबाबा' आले. हे काटेकोर भाषांतर नव्हे. नावे, गावे, माणसे इकडची झाली, मूळ कथेतील कित्येक फांद्या छाटल्या गेल्या. मूळ कृतीच्या अभ्यासकाला ही मोडतोड वाटेल, आणि भाषांतराच्या शास्त्राने तपासले तर ती आहेच. पण इंग्रजी न येणाऱ्या, ग्रंथालय नसलेल्या गावातील मुलाच्या हाती फ्रान्समधील एका कैद्याचे आणि इंग्लंडमधील एका विणकऱ्याचे दुःख पडले, ते या पुस्तिकांमुळे. टॉल्स्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचाही त्यांनी अनुवाद केला. सामान्य माणसाला न समजणाऱ्या कलेविषयी टॉल्स्टॉयला जी शंका होती, ती गुरुजींना जवळची वाटली असल्यास नवल नाही.

सुधाला पत्रे

चाळीसच्या दशकातील त्यांचे सार्वजनिक जीवन धावपळीचे होते. बेचाळीसचा लढा, राष्ट्र सेवा दलातील तरुणांमध्ये वावर, मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले व्हावे म्हणून केलेले उपोषण, गांधीजींच्या हत्येनंतरचा २१ दिवसांचा उपवास हे सारे आपण इतिहासाच्या अभ्यासात पाहिलेच आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले.

याच 'साधना'त त्यांनी आपल्या पुतणीला, सुधाला, लिहिलेली पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. ती पुढे 'सुंदर पत्रे' म्हणून पुस्तकरूपाने आली. अमळनेरच्या दैनिकाचे वाचक सारे मुलगे होते. आता समोर एक मुलगी होती. पत्रांत पाऊस येतो, फुले-पाखरे येतात, कोणी नवे वाचलेले पुस्तक येते, कोठल्या तरी देशातील घडामोड येते, थोर माणसाची आठवण येते. काका आपल्या पुतणीशी जगाविषयी बोलत आहे आणि तिला ते समजेल असे गृहीत धरून बोलत आहे. मुलांसाठी लिहिताना आवाज बारीक करण्याची, खोटे लाडिक बोलण्याची खोड पुष्कळ लेखकांना असते. या पत्रांत ती फारशी आढळत नाही. पत्रलेखन शिकवताना शाळेत आपण मायना, तारीख, पत्ता यांवर भर देतो. समोरच्या एका माणसाला काही सांगावेसे वाटणे ही पत्राची पहिली अट असते, आणि या पत्रांत ती पहिल्या ओळीपासून जाणवते. अभ्यासक्रमासाठी निवडलेली पत्रे वाचताना आपण प्रत्येक पत्रात विषय कसा बदलतो, पावसावरून पुस्तकाकडे आणि पुस्तकावरून माणसाकडे लेखक कसा वळतो, याकडे लक्ष द्यावे. मुले बोलतात तशीच ही वळणे आहेत.

भोवतालच्या समाजात वाढत चाललेली विषमता आणि द्वेष यांनी गुरुजी या वर्षांत खचत चालले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच्या हाताने संपविली. वयाचे एक्कावन्नावे वर्ष चालू होते. इतरांना धीर देणारी पत्रे लिहिणाऱ्या माणसाचे स्वतःचे दुःख कोणाच्या वाचण्यात आले नाही, याची खंत त्यांच्या स्नेह्यांना दीर्घकाळ राहिली.

त्यांच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकर आणि सहकाऱ्यांनी साने गुरुजी कथामाला उभी केली. गावोगावच्या शाळांतून तिच्या शाखा निघाल्या. तिचे काम साधे होते. ठरलेल्या वेळी मुले जमत आणि कोणी शिक्षक, कोणी कार्यकर्ता, कोणी आजी त्यांना गोष्ट सांगत. गोष्ट संपली की काही मुले ती कोणत्या पुस्तकात आहे हे विचारायला पुढे येत.